बातम्यांची पट्टी अडखळते कशामुळे? टीव्हीच्या हर्ट्झचा सरळ हिशेब

गेल्या दिवाळीत आमच्या नौपाड्यातल्या इमारतीत तीन घरांत नवे टीव्ही आले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला हाक मारली. मी व्हिडिओ एडिटिंगचं काम करतो, त्यामुळे पडद्याची कुठलीही तक्रार आधी माझ्याकडे येते. काकूंनी बातम्या लावल्या आणि खालच्या पट्टीकडे बोट दाखवलं. "ही बघ कशी चालते. दोन पावलं नीट, मग ठेच. जुन्या टीव्हीवर कशी सरळ जायची! आणि हा तर १२० हर्ट्झचा आहे म्हणाला दुकानदार."

काकूंची नजर अचूक होती. पट्टी खरंच अडखळत होती, आणि टीव्हीत बिघाड काहीच नव्हता. असे अनुभव बऱ्याच घरांत येतात. सिनेमात कॅमेरा हळू वळताना मागच्या इमारती थरथरतात, मॅचमध्ये चेंडूला शेपूट फुटतं, गेम खेळताना चित्र मधूनच आडवं फाटतं. या सगळ्याच्या मुळाशी एकच हिशेब आहे आणि त्याला शाळेतलं गणित पुरतं.

एक घड्याळ चित्राचं, एक पडद्याचं

पडद्यावर खरं तर काहीच हलत नाही. एकामागून एक स्थिर चित्रं येतात आणि हालचाल आपला मेंदू जुळवतो. अशा एका स्थिर चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला किती फ्रेम तयार झाल्या तो फ्रेम रेट. तो कॅमेरा, सिनेमा किंवा गेम ठरवतो.

पडद्याचं घड्याळ वेगळं. पडदा ठरावीक वेळाने स्वतःवरचं चित्र पुन्हा लिहून काढतो, मग नवीन फ्रेम आलेली असो वा नसो. सेकंदाला असं किती वेळा होतं तो रिफ्रेश रेट, आणि तो हर्ट्झमध्ये मोजतात. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाने, चित्र लिहितो. १२० हर्ट्झचा दर ८.३ मिलिसेकंदांनी.

ही दोन घड्याळं एकमेकांना विचारून चालत नाहीत, आणि काकूंची पट्टी तिथेच ठेचकाळत होती.

घोडबंदरची बस आणि वाशीची लोकल

समजा, घोडबंदर रोडवरून ठाणे स्टेशनला दर २५ मिनिटांनी एक बस येते. बसमधल्या सगळ्यांना वाशीला जायचं आहे आणि वाशीची लोकल दर १० मिनिटांनी सुटते. (आकडे हिशेबाच्या सोयीचे घेतलेत, खऱ्या वेळापत्रकाचे नाहीत.) पहिली बस ठीक वेळेला आली, मंडळी लगेच लोकलमध्ये बसली. दुसरी बस २५ व्या मिनिटाला आली, पण लोकल ३० व्या मिनिटाला. तिसरी ५० ला आली आणि लोकलही ५० ला. चौथी ७५ ला, लोकल ८० ला.

आता वाशीच्या फलाटावर उभं राहून बघा. बस २५-२५ मिनिटांच्या अंतरानेच आल्या होत्या, तरी माणसं मात्र ३० मिनिटांनी, मग २० मिनिटांनी, परत ३०, परत २० अशी उतरताना दिसतील. बस वेळेवर, लोकलही वेळेवर, आणि लय मात्र बिघडलेली.

बसच्या जागी २४ फ्रेमचा सिनेमा आणि लोकलच्या जागी ६० हर्ट्झचा पडदा ठेवा. प्रमाण तेच, अडीचाचं. एक फ्रेम तीन वेळा लिहिली जाते, पुढची दोन वेळा. म्हणजे एक चित्र ५० मिलिसेकंद टिकतं, दुसरं ३३. माणसं बोलत बसली असतील तर हे जाणवत नाही. कॅमेरा एका लयीत डावीकडून उजवीकडे वळला की जाणवतं, कारण डोळा एकसारखी गती धरून चाललेला असतो आणि चित्र मात्र लंगडत येतं.

२४, २५, ६०: हे आकडे आले कुठून

मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग ठरलेला नव्हता. १९२० च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले. आवाज फिल्मच्या कडेलाच छापला जाऊ लागला, आणि फिल्मचा वेग कमी-जास्त झाला तर माणसाचा आवाजही बदलायचा. तेव्हा सेकंदाला २४ फ्रेम हा वेग रुळला. पण २४ वेळा उजेड आणि अंधार झाला तर डोळ्याला लुकलुक सहन होत नाही. म्हणून प्रोजेक्टरमध्ये फिरती झडप असे, ती एकच चित्र दोनदा किंवा तीनदा उजळवायची. ठाण्याच्या मल्हार किंवा वंदना टॉकीजला ज्यांनी रिळावरचे सिनेमे पाहिले, त्यांच्यासमोर पडदा सेकंदाला ४८ किंवा ७२ वेळा लुकलुकत होता आणि चित्रं होती फक्त २४.

टीव्हीचा आकडा विजेवरून आला. आपल्याकडे आणि युरोपात वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० ची. विजेच्या लहरीमुळे पडद्यावर सरकणारे पट्टे दिसू नयेत म्हणून सुरुवातीच्या टीव्हीत चित्राचा वेग विजेच्या वेगाला बांधला गेला. त्यामुळे आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, आणि त्याही ५० अर्ध्या चित्रांच्या रूपात: एकदा विषम क्रमांकाच्या ओळी, एकदा सम क्रमांकाच्या. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा हाच हिशेब होता. पुढे रंग आले, एचडी आलं, तरी आपल्या वाहिन्यांचा ५० चा ठेका तसाच राहिला.

संगणक आणि मोबाइल मात्र ६० वर स्थिरावले. आज आपल्या एकाच घरात २४ चा सिनेमा, २५-५० च्या बातम्या आणि मॅच, मोबाइलवर काढलेला ३० चा बारशाचा व्हिडिओ आणि ६० चा गेम एकाच पडद्यावर येतात. पडद्याने करायचं काय?

लसावि आठवतोय?

लघुतम साधारण विभाज्य काढायला शाळेत शिकवलं, ते इथे थेट उपयोगी पडतं. २४, ३० आणि ६० यांचा लसावि १२०. १२० हर्ट्झच्या पडद्यावर सिनेमाची प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा येते, ३० चा व्हिडिओ चार वेळा, ६० चा दोन वेळा. लोकल दर ५ मिनिटांनी सोडल्यासारखं झालं. २५ व्या मिनिटाला आलेली बस थांबत नाही. १२० या आकड्याची खरी किंमत ही आहे.

पण यात २५ मिळवा. लसावि एकदम ६०० होतो. १२० ला २५ ने भाग जात नाही, ५० नेही जात नाही. जगभरचे लेख वाचून आपण १२० ला सर्वगुणसंपन्न मानतो. आपल्या वाहिन्यांना तो आकडा मुळात जुळत नाही. चांगले टीव्ही यावर मार्ग काढतात: ५० चा सिग्नल आला की पडदा स्वतःच ५० किंवा १०० वर जातो. एलसीडीला हे सहज जमतं, फक्त त्याला आत काय येतंय हे कळलं पाहिजे.

काकूंकडे नेमकं तेच अडलं होतं. जुन्या टीव्हीला केबलचा बॉक्स जोडलेला होता, तो ५० नेच चित्र द्यायचा. नव्या टीव्हीला मुलाने इंटरनेटची स्टिक लावून दिली होती. वाहिनी तीच, पण इंटरनेटवरून ती २५ फ्रेमने येत होती आणि स्टिक टीव्हीला ६० ने पाठवत होती. दोन, तीन, दोन, तीन, दोन: पाच फ्रेम पडद्याच्या बारा फेऱ्यांत (एकदा चित्र लिहिणं म्हणजे एक फेरी) बसवायच्या तर ठेच लागणारच. स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मूळ व्हिडिओचा फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय बंद होता, तो चालू केला. पडदा क्षणभर काळा झाला, टीव्ही ५० वर गेला आणि पट्टी सरळ धावू लागली. (काही ॲप या पर्यायाला दाद देत नाहीत. मग स्टिकचं आउटपुट हातानेच ५० वर ठेवावं लागतं.)

काकूंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "सरळ जाते आता. पण अक्षरं पुसट आहेत रे, धावताना."

हेही खरं होतं. त्यासाठी पडद्याच्या आत शिरावं लागेल.

एलसीडीच्या आत: मजल्यामजल्याचे व्हॉल्व्ह

एलसीडीत मागे एक दिवा सतत लागलेला असतो, बॅकलाइट. पुढे लाखो सूक्ष्म खिडक्या, म्हणजे पिक्सेल. फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६००, फोर-के पडद्यावर त्याच्या चौपट. प्रत्येक खिडकीत द्रवस्फटिक भरलेलं असतं: द्रवासारखं वाहणारं, पण रेणू स्फटिकासारखे एका दिशेने रांगेत लावणारं द्रव्य. १८८८ साली फ्रीडरिश रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरातून काढलेल्या पदार्थावर काम करताना अशा द्रव्याचा पहिला पत्ता लागला. विजेचा दाब दिला की हे रेणू वळतात आणि मागचा प्रकाश कमी किंवा जास्त सोडतात. खिडकीला लावलेल्या पट्ट्यांच्या पडद्याची दोरी ओढावी तसं.

सगळ्या खिडक्यांना एकदम दाब देता येत नाही. आमच्या सोसायटीत पाणी सोडताना वॉचमन एकेका मजल्याचा व्हॉल्व्ह उघडतो, टाकी भरली की बंद करतो आणि पुढच्या मजल्याकडे जातो. एलसीडी तसंच करतो: वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ भरत येतो. भरलेला दाब पुढची फेरी येईपर्यंत त्या खिडकीत टिकून राहतो.

जुना डब्याचा टीव्ही असा नव्हता. तिथे इलेक्ट्रॉनचा झोत पडला की ठिपका चमकायचा आणि लगेच विझायचा. म्हणून वेग कमी असला की तो लुकलुकायचा. एलसीडीत दोन फेऱ्यांच्या मध्ये चित्र विझत नाही, स्तब्ध उभं राहतं.

टाकीला थोडी गळती असतेच, म्हणून फार वेळ फेरी चुकवून चालत नाही. शिवाय दर फेरीला विजेच्या दाबाची दिशा उलटी केली जाते. एकाच दिशेने सतत दाब राहिला तर द्रवातले विद्युतभारित कण एका बाजूला साचतात आणि जुन्या चित्राची सावली मागे राहते. समोर स्थिर फोटो असला तरी पडद्याचं काम थांबत नाही ते यासाठी.

रेणूंना वळायलाही वेळ लागतो, काही मिलिसेकंद. हा वेळ फेरीपेक्षा लांबला तर जुन्या चित्राची शेपूट नव्यावर दिसते. म्हणून पडदा गरजेपेक्षा जास्त दाब क्षणभर देतो, व्हॉल्व्ह अंमळ जास्तच उघडावा तसा. तो प्रमाणाबाहेर उघडला तर हलत्या वस्तूमागे उलट उजळ कड दिसते. मॉनिटरच्या खोक्यावरचा "१ मिलिसेकंद" हा बहुतेक वेळा असा व्हॉल्व्ह सताड उघडून मिळवलेला आकडा असतो. रोजच्या वापरात ती सेटिंग मध्यम ठेवलेलीच बरी.

अक्षरं पुसट होतात ती डोळ्यात

लहानपणी स्टॅच्यू खेळलात ना? समजा तुम्ही एका लयीत चालताय आणि शेजारचा मित्र जागच्या जागी स्टॅच्यू होतो, मग टुणकन उडी मारून तुमच्या बरोबरीला येतो, पुन्हा स्टॅच्यू. त्याच्या प्रत्येक थांब्यात तो तुमच्या मागे पडत जातो.

पट्टी वाचताना डोळा त्या चालणाऱ्यासारखा एकसारखा सरकतो. एलसीडीवरचं अक्षर मात्र स्टॅच्यू असतं. तेवढ्या वेळात ते डोळ्याच्या पडद्यावर मागे घसरतं, आणि ती घसरण आपल्याला पुसटपणा म्हणून दिसते. पडद्यावर प्रत्येक अक्षर रेखीवच असतं. फोटो काढून बघा.

हा पुसटपणा मोजताही येतो. फुल एचडी पडद्यावर पट्टी चार सेकंदांत या टोकाकडून त्या टोकाला जात असेल तर तिचा वेग सेकंदाला ४८० पिक्सेल. काकूंच्या स्टिकवर प्रत्येक चित्र ४० मिलिसेकंद टिकतं, म्हणून अक्षराची कड सुमारे १९ पिक्सेल फरफटते. केबलवर ५० अर्धी चित्रं येत होती, दर २० मिलिसेकंदांनी नवी जागा, म्हणून फरफट निम्मी. ६० खऱ्या फ्रेम असत्या तर ८ पिक्सेल आणि १२० असत्या तर ४.

यातला "खऱ्या" हा शब्द महत्त्वाचा आहे. २५ फ्रेमचीच पट्टी मोठ्या आकड्याच्या पडद्यावर नेली तर तेच चित्र जास्त वेळा लिहिलं जाईल, पण ते तेवढाच वेळ एका जागी उभं राहील आणि फरफट तीच राहील. पडद्याचा आकडा ठेच घालवतो. पुसटपणा घालवायला मुळात जास्त फ्रेम याव्या लागतात.

"पण डोळ्याला २४ च्या वर दिसतच नाही ना?"

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याला स्वतंत्र जागा देतो. सुट्या चित्रांतून हालचालीचा भास व्हायला २४ पुरतात, एवढंच त्यात खरं आहे. डोळ्याची हद्द तिथे संपत नाही. तसं असतं तर प्रोजेक्टरला तेच चित्र दोन-तीनदा उजळवावं लागलंच नसतं, आणि काकूंना ठेचही दिसली नसती. मोबाइलची यादी ६० वर आणि मग १२० वर बोटाने सरकवून बघा. अक्षरं सरकतानाही वाचता येतात की नाही हा फरक कुणालाही कळतो. तिथे फरक पडतो कारण यादीची प्रत्येक फ्रेम फोन स्वतः तयार करतो, खऱ्या १२०. त्याच फोनवर सिनेमा लावला की तो २४ चाच राहतो.

गेम आणि शेअर रिक्षा

गेमचा मामला अवघड, कारण तिथे बसला वेळापत्रकच नसतं. समोर रिकामी भिंत असेल तर फ्रेम चटकन तयार होते, धुराळा आणि गर्दी असेल तर उशीर लागतो. पडदा वरून खाली चित्र लिहीत असताना मध्येच नवी फ्रेम आली तर? वरचा भाग जुना, खालचा नवा. तीन हात नाक्यावर फ्लेक्स बदलणारा माणूस अर्ध्यात थांबावा आणि वर जुनी जाहिरात, खाली नवी दिसावी, तसं. चित्र फाटतं म्हणतात ते हेच.

उपाय म्हणून गेमला सांगितलं जातं, पुढच्या फेरीपर्यंत थांब. फाटणं थांबतं, पण क्षणभर उशीर झाला की लोकल चुकते आणि फ्रेमला अख्खी फेरी थांबावं लागतं. १७ मिलिसेकंदांत व्हायला हवी ती फ्रेम १८ लागली तर दिसते ३३ व्या मिलिसेकंदाला. हाताला जडपणा जाणवतो.

मग उलटा विचार झाला. लोकलऐवजी शेअर रिक्षा ठेवली तर? माणसं आली की निघाली. २०१३ साली ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने जी-सिंक जाहीर केलं, पुढे तिच्या स्पर्धक एएमडीचं फ्रीसिंक आलं, आणि टीव्हीला चित्र पोचवणाऱ्या एचडीएमआय जोडणीच्या २.१ या आवृत्तीतून हीच सोय टीव्हीतही आली. तिला व्हीआरआर (व्हेरिएबल रिफ्रेश रेट, म्हणजे बदलता रिफ्रेश रेट) म्हणतात. फ्रेम तयार झाली की पडदा त्याच क्षणी फेरी सुरू करतो. एलसीडी चित्र धरून ठेवतो म्हणूनच त्याला असं थांबता येतं. डब्याच्या टीव्हीवर तेवढ्यात अंधार झाला असता.

रिक्षेलाही मर्यादा आहेत. आधीची फेरी पूर्ण होण्याआधी दुसरी निघू शकत नाही, ही वरची हद्द. टाकीला गळती असल्याने फार थांबता येत नाही, ही खालची. ४८ ते १४४ हर्ट्झ या हद्दीत चालणाऱ्या मॉनिटरवर गेम ३० वर आला तर तीच फ्रेम दोनदा लिहून पडदा ६० वर चालतो. वरची हद्द खालच्या हद्दीच्या निदान दुप्पट असेल तरच हे नीट जमतं, म्हणून ४८ ते ६० एवढ्याच हद्दीत चालणारा स्वस्त मॉनिटर घेताना विचार करावा.

चित्र गुळगुळीत करणारी सेटिंग: ठेवावी की काढावी?

फ्रेम कमी पडतात तर टीव्हीच मधल्या फ्रेम बनवतो, हा तिसरा मार्ग. दोन चित्रं ताडून वस्तू मध्ये कुठे असेल याचा अंदाज बांधायचा. बातम्यांच्या पट्टीवर हे छान चालतं, म्हणून काकूंकडे मी ती सेटिंग अगदी हलकी चालू ठेवली. बॅटमागून निघालेल्या चेंडूचा अंदाज चुकतो, तिथे चेंडूभोवती पाणी हलल्यासारखं दिसतं. आणि सिनेमात ती पूर्ण बंद असावी असं माझं ठाम मत आहे. २४ च्या लयीतच दिग्दर्शक आणि छायाचित्रकाराने दृश्य रचलेलं असतं. त्यात यंत्राने फ्रेम घुसवल्या की चांगला सिनेमाही मालिकेसारखा दिसू लागतो. २०१९ साली जाहीर झालेला फिल्ममेकर मोड ज्या टीव्हीत आहे तिथे एका बटणात हे बंद होतं.

काही पडदे वेगळी युक्ती करतात: दर फेरीत बॅकलाइट थोडा वेळ विझवतात. स्टॅच्यूचा वेळ कमी होतो, कडा रेखीव होतात. त्याची किंमत म्हणजे चित्र अंधारतं, आणि ६० च्या वेगाला काहींचं डोकं दुखतं.

दुकानात विचारायचे प्रश्न

काकूंच्या टीव्हीचं माहितीपत्रक आम्ही शेवटी नीट वाचलं. खोक्यावरचा १२० हा कंपनीच्या गुळगुळीत करण्याच्या सोयीला दिलेला आकडा होता. पॅनल, म्हणजे खुद्द पडदा, ६० चंच होतं. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा: पॅनलचा मूळ रिफ्रेश रेट किती? उत्तर तोंडी घेऊ नका, माहितीपत्रकात बोटाने दाखवायला सांगा. गेम खेळणारं कुणी घरात असेल तर फोर-के १२० ने चित्र घेणारे एचडीएमआय पोर्ट किती आणि कोणते तेही विचारा, कारण बऱ्याच टीव्हींत असे एक-दोनच असतात.

आणि दुकानातला कंपनीचा डेमो व्हिडिओ बंद करून मराठी बातम्यांची वाहिनी लावायला सांगा. सेट-टॉप बॉक्सवरून एकदा, इंटरनेटवरून एकदा. चॅनेलच्या बातमीकडे लक्ष न देता मिनिटभर फक्त खालच्या पट्टीवर नजर ठेवा.